तिसऱ्या बाटलीतली तात

१

चार बाटल्यांपैकी दोन बाटल्यांतला माल गेला होता, आणि कपाटाचं कुलूप मात्र शाबूत होतं.

बाटल्या होत्या राजारामपुरीत, डॉ. हंबीरराव सरनोबतांच्या लॅबोरेटरीत. १९७९ साल. शिमगा होऊन आठवडा झालेला, ऊन चढत चाललेलं. डॉक्टरांना त्या वर्षी काविळीनं पछाडलं होतं. म्हणजे त्यांना झाली नव्हती, ते तिच्या मागावर होते. काविळीच्या एका जातीची खूण रोग्याच्या रक्तात सापडते, एवढं तोवर शहाण्या माणसांना कळलं होतं. तीच खूण रोग्याच्या पोटातल्या रसात सापडते का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. नाकातून नळी घालून काढलेले ते रस तपासायचं काम कुतुबुद्दीन नदाफ करायचा. काचेवर जेलीचा थर द्यायचा, त्यात थेंब ठेवायचे, वीज सोडायची. खूण असली तर जेलीत पांढरी रेघ उमटायची.

चार महिने कुतुब एकच लिहीत होता. रक्तात आहे, रसात नाही.

डॉक्टरांना वाटलं, पोरगा नाक मुरडतोय. वासाच्या बाटल्या मोरीत ओततोय आणि बसल्या जागी 'नाही' लिहितोय. म्हणून त्यांनी सापळा लावला. पुण्याहून खात्रीची खूण असलेलं सीरम मागवलं आणि सोमवारी सकाळी स्वतःच्या हातानं चार तपकिरी बाटल्यांत त्याचे थेंब टाकले. पहिलीत मिठाचं पाणी, दुसरीत लाळ, तिसरीत जठराचा रस, चौथीत आतड्याचा हिरवट रस. वर आणखी एक शहाणपण केलं. प्रत्येक बाटलीच्या तळाला टाके घालायच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा गाठ मारून टाकला. कुणी आतला माल बदलला तर दोरा सापडणार नाही, असा हिशोब. मग बाटल्या आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

मंगळवारी कुतुबनं तपासून लिहिलं. पहिलीत आहे. दुसरीत आहे. तिसरीत नाही. चौथीत नाही.

डॉक्टरांनी चारही बाटल्या ताटलीत उपड्या केल्या. पहिल्या दोन्हींतून दोरा पडला. तिसऱ्या-चौथीतून नुसता रस.

"चारहीत मी माझ्या हातानं सीरम घातलंय," डॉक्टर म्हणाले. "दोरासुद्धा. तू बाटल्या बदलल्यास, कुतुब."

"दोनदा तपासलं, साहेब."

"मग माझा दोरा कुठं गेला?"

कुतुब चारही रिकाम्या बाटल्यांत पुन्हा डोकावला. दुपारी त्यानं पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि तो घरी चालत आला.

२

घरी सुलतानबी वजडी, बोकडाची आतडी-कोथळा, धूत बसली होती.

सुलतानबी म्हणजे शनिवार पेठेतल्या पिंजाऱ्यांच्या घरातली थोरली. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. पण तिच्या जिभेला सगळी गल्ली वचकून असायची. नवऱ्यामागं तिनं गाद्या शिवून दोन लेकी उजवल्या आणि कुतुबला शिकवून पांढऱ्या कोटात उभा केला. तो कोट ती स्वतः धुवायची, सुनेला हात लावू द्यायची नाही.

कुतुबनं उंबऱ्यातच सगळं सांगितलं. सांगता सांगता वजडीच्या वासानं त्यानं लहानपणापासून करायचा तसा नाकाला रुमाल लावला. तो रुमाल सुलतानबीनं बघितला आणि तिच्या तोंडातून निघून गेलं,

"खरं सांग. वतलंस न्हवं ते घाणीचं मोरीत?"

शेजारची बनाबाई दारात उभी होती. सून नजीरा चुलीपाशी होती. कुतुबनं रुमाल खाली घेतला.

"न्हाय, अम्मा."

"वास सोसत न्हाय तुला, मला ठावं न्हाय व्हय? एकदा खरं बोल, मी बघते डॉक्टरकडं."

"तूबी?" एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळच्या एस्टीनं तो पेठ वडगावला गेला. तिथल्या दूध डेअरीत दुधाची फॅट बघायचं काम त्याला मिळालं. पेठ वडगाव काही विलायत नव्हे, तासाभरात माणूस पोचतं. पण दोन महिने झाले, तो आला नाही आणि सुलतानबी गेली नाही. दोघंही एकाच पिठाची.

दर गुरुवारी नजीरा डबा घेऊन जायची. कालवण सुलतानबी करायची आणि सुनेला बजावायची, "तू केलंयस म्हणायचं." डबा घासून, पुसून, चकचकीत परत यायचा. सुलतानबी झाकण काढून उगाच वास घ्यायची. राखेशिवाय कशाचाच वास यायचा नाही.

भिंतीवर नवऱ्याची पिंजण टांगलेली होती, कापूस पिंजायचं ते भलंमोठं धनुष्य. आता कोण पिंजतंय. पण लहानपणापासून कुतुब घरात शिरला की जाता जाता तिच्यावर ताणलेली तात छेडायचा. टंग. त्या आवाजावरून सुलतानबीला चुलीपाशी पाठमोरं बसून कळायचं, पोरगं आलं. दोन महिने ती तात गप होती. सुलतानबीनं स्वतः एकदा छेडून बघितली. आवाज तोच, पण उपयोग काय त्याचा.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी नजीरा परत आली ती डोळे पुसत.

"अम्मा, त्यांचं मस्कतचं कागद झालं. पुढच्या शनवारी मुंबैला जाणार. मग तिकडनं तीन वर्सं."

सुलतानबीनं डबा खाली ठेवला. पदर खोचला.

"दोरा कुठं गेला म्हणालता गं त्यो डॉक्टर?"

३

शुक्रवारी ती राजारामपुरीत उतरली. आधी गाठला आकाराम. आकाराम लॅबोरेटरीचा शिपाई, सायकलवरून दवाखान्यांतनं नमुने आणणारा. कुतुबच्या जागेवर आता त्याचा पुतण्या बसत होता, आणि तेवढं सुलतानबीला पुरेसं होतं.

"बसा की चाची. चहा सांगू?"

"तुझा चहा मला पचायचा न्हाय. पुतण्या बरा चिकटला."

आकाराम हसला, पण डोळ्यांनी नाही. "मला ठावं हाय तुमच्या मनात काय हाय ते. मी त्या बाटल्यांस्नी शिवलोबी न्हाय. सोमवारी डॉक्टरांनी कुलपात घातल्या. मंगळवारी कुलूप काढून कुतुबच्या हातात दिल्या. मी बघिटलं."

"सोमवारीच का दिल्या न्हाईत?"

"लाईट कुठं हुती? दीस-रात न्हवती. कुतुबचं मशीन विजेवर चालतंय. म्हणून त्या बाटल्या कपाटात तशाच पडल्या."

"बरफाच्या पेटीत का न्हाय ठेवल्या? रोजचं नमुनं तिथंच असत्यात न्हवं?"

"पेटीला कुलूप न्हाय, चाची. डॉक्टरांना कुलूप पायजे हुतं."

सुलतानबीनं आत डोकावून बघितलं. डॉक्टरांचं लोखंडी कपाट भिंतीला लागून होतं. भिंतीच्या पलीकडं स्टोव्ह भणभणत होता, त्यावर सुया उकळत होत्या. तिनं कपाटाच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि चटकन उचलला.

"ह्यो स्टोव्ह रोज असाच?"

"सकाळ-सांज. लाईट असू दे न्हाय तर नसू दे."

सुलतानबी आकारामकडं बघत राहिली. माणूस मतलबी होता. पण खोटं बोलताना त्याचा हात मिशीवर जातो, हे तिला कुतुबकडून ठाऊक होतं, आणि हात मांडीवरच होता.

"बाटल्या धुतल्या कुणी?" तिनं विचारलं.

४

बाटल्या शालूबाई धुवायची. गडमुडशिंगीहून रोज यायची, आणि दिवसभर काच घासून तिच्या बोटांची कातडी पांढरी पडलेली.

"त्यादिशीचं मला ध्यानात हाय की," शालूबाई म्हणाली. "डॉक्टर माझ्यावरच खेकसलं. 'दोरा दिसला का, दोरा दिसला का.' मी म्हटलं, दोरा काय ओ, मी बाटल्या धुती, गोधड्या शिवत न्हाय."

"मग दिसला?"

"न्हाय. तिसरी बाटली साफ हुती. चौथीत बुडाला काय तरी चिकटलंतं. ब्रशला लागलं. शिजलेल्या शेवयागत, घसरडं. बोटभर न्हवं, नखभर."

"डॉक्टरला सांगिटलंस?"

"त्यांनी इचारला दोरा. त्यो दोरा न्हवता. गिळगिळीत हुतं. मी पाणी सोडलं न् गेलं वाहून."

सुलतानबी उठली नाही. तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. शालूबाईनं दोन बाटल्या घासल्या, तिसरी घासली.

"काय झालं ओ, चाची?"

"शालूबाई, माझ्या पोरानं बाटलीतला माल बदलला असता, तर नव्या मालात ती शेवई कोण घालणार हुतं?"

शालूबाईचा ब्रश थांबला.

५

डॉक्टर सरनोबत माणूस वाईट नव्हते. शिकलेले होते एवढंच. त्यांनी खुर्ची पुढं केली. सुलतानबी उभीच राहिली.

"चाची, कुतुबबद्दल असेल तर मला वाईट वाटतं. पोलिसांत दिलं नाही मी."

"उपकार झालं. त्यो दोरा दाखवा."

"कुठला?"

"बाटलीत टाकलाता तसला."

डॉक्टरांनी कपाटातून एक कुपी काढली. आत पिवळसर दोऱ्याचं वेटोळं होतं. "कॅटगट. आतले टाके ह्यानं घालतात. नंतर काढावे लागत नाहीत."

सुलतानबीनं वेटोळ्याचं टोक दोन बोटांत धरलं. पीळ दिला, उलगडला, नखानं ओढून बघितलं. चाळीस वर्षं पिंजाऱ्याच्या घरात काढलेली बाई ती.

"हे सूत न्हवं. ही तात हाय. मेंढराचं आतडं. आमची पिंजण हिच्यावरच चालायची."

"बरोबर. आतड्याचाच करतात."

"आणि टाकं काढावं लागत न्हाईत, ते का वो?"

"अंगातच विरघळतात ते. शरीर पचवून टाकतं..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. मग मान हलवली. "नाही. त्याला दहा-बारा दिवस लागतात, चाची. एका दिवसात नाही."

"मासात दहा दीस लागत्यात. पोटात टाकलं तर किती लागतील?"

डॉक्टर तिच्या बोटांतल्या दोऱ्याकडं बघायला लागले.

"आतडं आम्ही खातो, डॉक्टर. सकाळी वजडी खाल्ली तर सांजंला भूक लागती. पोट आतड्याला वळखत न्हाय, सगळंच खातं. तुमी त्याच रसात आतड्याचा दोरा बुडवला, चुलीच्या उबंला एक रात दोन दीस ठेवला, आणि माझ्या पोराला इचारता, दोरा कुठं गेला?"

"दोऱ्याचं एक वेळ मानू," डॉक्टर सावकाश म्हणाले. "पण खूण? ती दोरा नाही. ती डोळ्यालाही दिसत नाही."

"ते मला ठावं न्हाय. मी तिसरीतनं शाळा सोडलेली बाई. पण राबणारा गडी उपाशी असला तर एकच घास खाऊन ताटावरनं उठतोय व्हय? ज्यानं दोरा खाल्ला, त्यानं खूणबी खाल्ली असंल."

"सिद्ध करावं लागेल, चाची."

"करते," सुलतानबी म्हणाली, आणि जिना उतरली.

६

घरी येऊन तिला कळलं की करायचं तर तात पाहिजे. डॉक्टरकडं वीतभर दोरा मागितला असता तर त्यांनी दिला असता. पण मागणं तिच्या जिभेवर आलं नव्हतं. बाजारात आता तात कोण विकतं? घरात एकच होती.

नवऱ्याच्या पिंजणीला तो गेल्यापासून तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता, एक कुतुब सोडून. नजीरा बघत उभी राहिली. सुलतानबीनं पिंजण भिंतीवरून उतरवली, मांडीवर घेतली, आणि विळीवर तात कापली. ताणलेली तात सुटताना एकदाच वाजली.

खाटीकआळीतल्या चमनकडून तिनं बोकडाच्या चार कोथळ्यांपैकी शेवटच्यातला आंबट रस आणला. निम्मा उकळून निवू दिला, निम्मा कच्चाच ठेवला. दोन वाट्या, दोन्हींत तातेचा एकेक तुकडा, दोन्ही चुलीच्या वैलावर, उबेला.

"निम्मा उकळला कशापायी, अम्मा?" नजीरानं विचारलं.

"मटणाला कच्ची पपई लावतीस न्हवं? शिजवलेली लावून बघ. मटण तसंच चिवट राहतंय. उकळलं की खाणाऱ्याचं दात पडत्यात. दोन्हींत तात गेली तर मी खोटी. एकीत गेली तर पोट खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कच्च्या रसात तातेच्या जागी दुधाच्या सायीसारखा तंतू होता. बोट लावताच तोही तुटला. उकळलेल्या रसातला तुकडा तिनं ओढून बघितला, तो तुटेना.

दोन्ही वाट्या फडक्यात बांधून ती राजारामपुरीला गेली. डॉक्टरांनी वाट्या बघितल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आकारामच्या पुतण्याला बाहेर पाठवलं आणि स्वतः कोट चढवला. पुण्याचं सीरम थोडं उरलं होतं. माणसाच्या जठराचा रस घेतला, निम्मा उकळून निववला. दोन्हींत सीरमचे थेंब टाकले, आणि दोन्ही त्याच कपाटात, त्याच स्टोव्हच्या भिंतीशी. थेंब टाकल्याबरोबर एकदा तपासलं, दोन्हींत रेघ आली. दुसऱ्या दिवशी सुलतानबी पुन्हा बाकावर येऊन बसली. पाणीसुद्धा प्याली नाही.

दुपारी डॉक्टर काच घेऊन बाहेर आले. उजेडाकडं धरली.

"ही उकळलेल्या रसाची. दिसते रेघ?"

"दिसती."

"ही कच्च्या रसाची."

जेली स्वच्छ होती. रेघेचा मागमूस नव्हता.

"चार महिने पोरगा मला खरं सांगत होता," डॉक्टर म्हणाले. "मी जे शोधत होतो ते उत्तर त्यानं रोज वहीत लिहून दिलं, आणि मी ते खोटं समजलो. खूण पोटात जात नाही असं नव्हे. पोट तिला खातं, मग ती आपल्याला दिसत नाही. बर्फात ठेवल्या असत्या बाटल्या तर कदाचित दिसलीही असती. मला कुलूप पाहिजे होतं." त्यांनी काच खाली ठेवली. "चाची, चोराला मीच मालासकट कुलपात घातलं होतं."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. चांगली लांब लिहिली, माफीसुद्धा लिहिली, कामावर परत ये म्हणून लिहिलं, खाली सही-शिक्का. सुलतानबीनं ती घरी नेऊन साखरेच्या डब्यात ठेवली. गुरुवारी नजीरा डबा घेऊन वडगावला गेली ती सगळी हकीकत घेऊनच.

परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय म्हणाला?"

"काय न्हाय."

"काय म्हणाला ते सांग, पोरी."

नजीरानं पदराचं टोक पिळलं. "म्हणालं, डॉक्टरला कळलं ते बरं झालं. त्येंनी चिठ्ठी लिवली. पण डॉक्टर परका माणूस, त्येला पुरावा लागणारच. अम्माला कशाला लागला?"

७

शुक्रवारी सकाळी सुलतानबी एस्टीत बसली. नजीरा साखरेचा डबा घेऊन दारापर्यंत धावत आली.

"अम्मा, चिठ्ठी ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दे."

वडगावच्या डेअरीत आंबूस वास भरून राहिला होता. कुतुब काचेच्या नळ्या चरकात लावून गरगर फिरवत होता. पांढरा कोट होता, पण कुणीतरी नीळ जास्त घातलेली. तिच्या हातचा कोट कधी असा निळा पडला नव्हता. पोरगं वाळलं होतं. सुलतानबीला वाटलं, जाऊन कॉलर सरळ करावी. ती दारातच थांबली.

"अम्मा?"

"बस म्हणतोस का उभ्यानंच घालवतोस?"

त्यानं स्टूल पुढं केलं. ती बसली. चरक आपोआप फिरत फिरत मंदावला.

"चिठ्ठी आणलीस?"

"न्हाय. घरात हाय."

"मग कशाला आलीस?"

तिनं येताना मनात सतरा वाक्यं जुळवली होती. वाटेत टोप, शिये, सगळी गावं गेली तशी ती वाक्यंही गेली होती.

"चिठ्ठी येण्याआधी यायला पायजे हुतं म्हणून," ती म्हणाली. "तू न्हाय म्हणालास तिथंच मी गप बसायला पायजे हुतं. इचारायला नको हुतं मी. दुसऱ्यांदा तर न्हायच."

आयुष्यात सुलतानबीनं कुणापुढं असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. कुतुबनंही नाही. तो नळ्या मोजायला लागला. सात होत्या. त्यानं परत मोजल्या.

"नजीरा म्हणाली तू तातेवर बघितलंस," तो म्हणाला. "तात कुठनं आणलीस?"

सुलतानबीनं स्टूल जरा मागं सरकवलं.

"अम्मा. कुठनं आणलीस?"

"घरात एकच हुती."

कुतुबनं नळी खाली ठेवली. पहिल्यांदा तो तिच्याकडं नीट बघत होता.

"अब्बांची कापलीस?"

"मग काय करू? तुला डॉक्टरनं दोरा इचारलाता." ती पदरानं तोंड पुसायला लागली, उन्हाचा घाम आल्यासारखी. "आता भिंतीवर नुसतं लाकूड हाय. लई मोकळं दिसतंय."

बाहेर कुणीतरी कॅन आपटला. चरक पूर्ण थांबला होता. कुतुब कोटाची बटणं काढायला लागला, एकेक, सावकाश, आणि काढता काढता खिडकीतून एस्टीच्या थांब्याकडं बघत म्हणाला,

"मिरजेत मिळतीया अजून तात. सारंगी-सतार करणाऱ्यांकडं. पण मापाची पायजे असंल तर आधी पिंजण बघाय लागंल."